सूत्र येते, कोड येत नाही: विज्ञानशिक्षकांनी स्वतःचे आभासी प्रयोग कसे तयार करावेत?

मुख्यअक्ष (धागाकर्ता)

मी व्यवसायाने सॉफ्टवेअर अभियंता आहे आणि गेली काही वर्षे सुट्टीच्या दिवशी माध्यमिक शाळांतील विज्ञानशिक्षकांना संगणकाच्या कामात मदत करतो. सुरुवातीला ही मदत मी चुकीच्या पद्धतीने केली. नववीच्या धाराविद्युत या पाठासाठी एका शिक्षिकांना ओहमच्या नियमाचा आभासी प्रयोग हवा होता. मी तीन रविवार खर्च करून घट, कळ, ॲमीटर, व्होल्टमीटर आणि बदलता रोध असलेले देखणे पान लिहून दिले. पुढच्याच आठवड्यात मॅडमचा निरोप आला, की शाळेतला ॲमीटर शून्य ते पाचशे मिलिअँपिअरचा आहे, तर पडद्यावरचाही तसाच करता येईल का. मी केला. नंतर पाठ्यपुस्तकात आहे तसा ‘विभवांतर’ हा शब्द हवा होता, नंतर दोन रोध एकसर जोडून हवे होते. प्रत्येक बदलासाठी त्यांना माझी वाट पाहावी लागे, आणि ज्या महिन्यात माझे कार्यालयीन काम वाढले त्या महिन्यात तो प्रयोग मागे पडला तो कायमचाच.

शिक्षकांना मिळणारा दुसरा सल्ला म्हणजे ‘पायथन शिकून घ्या, सोपे आहे’. ज्यांना आठवड्याच्या तासिका, वह्यांची तपासणी आणि रोज नवी माहिती मागणारे तक्ते सांभाळायचे आहेत, त्यांना हा सल्ला देणे सांगणाऱ्यालाच सोपे असते. मला आता असे वाटते की विज्ञानशिक्षकाला आभासी प्रयोगाचा सर्वांत अवघड भाग आधीच येत असतो. कोणती राशी बदलायची, कोणती मोजायची आणि त्या दोहोंना बांधणारा नियम कोणता, हे त्याला माझ्यापेक्षा चांगले ठाऊक असते. त्यामुळे जेथे सूत्र लिहिणे हेच प्रोग्रॅम लिहिणे ठरते असे साधन त्याच्या हाती द्यावे, आणि मदतनिसाने कळफलकाला हात न लावता शेजारी बसावे, अशी पद्धत मी हल्ली पाळतो.

तयार प्रयोग उपलब्ध असतील तर ते आधी पाहावेत, याबद्दल वाद नाही. भौतिकशास्त्राचे २००१ सालचे नोबेल पारितोषिक मिळालेल्यांपैकी एक असलेले कार्ल वीमन यांनी २००२ मध्ये अमेरिकेतील कोलोरॅडो विद्यापीठाच्या बोल्डर येथील परिसरात सुरू केलेल्या ‘फेट’ प्रकल्पातील अनेक प्रयोग मराठीतही आहेत. आपल्याकडे अमृता विश्व विद्यापीठ आणि मुंबईचे सीडॅक (प्रगत संगणन विकास केंद्र) यांनी मिळून ‘ओलॅब्ज’ उभारले आहे, आणि त्यात नववी ते बारावीचे प्रयोग आहेत. परंतु तयार प्रयोगात आपल्या प्रात्यक्षिक वहीतील तक्ता नसतो, आपल्या कपाटातील भिंगाचे नाभीय अंतर नसते, आणि आपल्या वर्गाची नेमकी जेथे गल्लत होते तेथे थांबण्याची सोयही नसते. तेथून पुढचा प्रश्न या धाग्याचा आहे.

मी पहिली बैठक संगणक बंद ठेवून घेतो. कोऱ्या कागदावर शिक्षकाने लिहायचे असते की विद्यार्थी काय बदलणार, कशावरून वाचन घेणार, त्या साधनाचे लघुतम माप किती, आणि खऱ्या प्रयोगात मुलांचे हमखास काय चुकते. शेवटच्या प्रश्नाला सर्वांत जास्त वेळ लागतो, आणि तो द्यावा, कारण बहुतेक आभासी प्रयोग निर्जीव वाटतात ते तेथे काहीच चुकू शकत नाही म्हणून.

दहावीच्या बहिर्गोल भिंगाचे उदाहरण घेऊ. यासाठी मी जिओजेब्रा हे सूत्रांवरून आकृत्या काढणारे सॉफ्टवेअर वापरतो. मार्कुस होहेनवार्टर यांनी २००१ मध्ये ऑस्ट्रियातील साल्झबुर्ग विद्यापीठात ते सुरू केले. गणिताचे शिक्षक ते बरेच वापरतात, विज्ञानाचे शिक्षक मात्र त्याकडे क्वचितच वळतात. प्रकाशीय केंद्र मूळ बिंदूवर ठेवावे. नाभीय अंतरासाठी एक आणि वस्तूच्या अंतरासाठी एक अशा दोन सरकपट्ट्या (स्लायडर) घ्याव्यात, आणि दुसरीच्या किमती पाठ्यपुस्तकातील चिन्हसंकेताप्रमाणे ऋण ठेवाव्यात. मग एका ओळीत प्रतिमेचे अंतर लिहायचे: नाभीय अंतराचा व्यस्त आणि वस्तूच्या अंतराचा व्यस्त यांची बेरीज, आणि त्या बेरजेचा पुन्हा व्यस्त. दुसऱ्या ओळीत प्रतिमेची उंची: वस्तूची उंची गुणिले प्रतिमेचे अंतर भागिले वस्तूचे अंतर. या दोन ओळींवरून प्रतिमेचा बाण काढला आणि तीन किरण जोडले की प्रयोगाचा सांगाडा उभा राहतो. नाभीय अंतर १० सेंटीमीटर आणि वस्तू उणे १५ वर असेल तर प्रतिमा ३० वर, उलटी आणि दुप्पट दिसली पाहिजे. वस्तू उणे ५ वर आणली तर प्रतिमा उणे १० वर, सुलटी आणि पुन्हा दुप्पट दिसली पाहिजे. एवढे जुळले तर फाइल बरोबर आहे.

इतर विषयांत, इतर साधनांनी आपण हे कसे केले, आणि विशेषतः काय फसले, ते कृपया लिहावे.

रानवारा

धागा वेळेवर आला. मी तालुक्याच्या गावातील अनुदानित शाळेत विज्ञान शिकवते. आमच्या संगणक कक्षात दहा यंत्रे आहेत, त्यांपैकी सहा चालतात, आणि इंटरनेट कार्यालयातल्या एकाच यंत्राला आहे. काही वर्षांपूर्वी मी फ्लॅशमधील ॲनिमेशनची एक सीडी मोठ्या कष्टाने जमवली होती. ३१ डिसेंबर २०२० रोजी फ्लॅशचा आधार संपला आणि ती सीडी आता कपाटात स्पिरिटच्या दिव्याशेजारी पडून आहे. पुन्हा कष्ट घ्यायचे तर ते किती वर्षे टिकतील आणि इंटरनेटशिवाय चालतील का, हे मला आधी समजून घ्यायचे आहे.

मुख्यअक्ष

मॅडम, फ्लॅशच्या आधी जावा ॲपलेटचेही असेच झाले. ब्राउझरला जोडावे लागणारे वेगळे पूरक सॉफ्टवेअर ज्याला लागते ते केव्हातरी बंद पडते, असे गृहीत धरूनच साधन निवडावे. फेटचे आताचे प्रयोग एचटीएमएल ५ मध्ये आहेत आणि प्रत्येक प्रयोग एकाच फाइलच्या रूपात उतरवून घेता येतो. ती फाइल पेनड्राइव्हवरून सहाही यंत्रांवर टाकली की कोणत्याही साध्या ब्राउझरमध्ये इंटरनेटशिवाय उघडते. जिओजेब्रा संगणकावर एकदा बसवले की त्यालाही इंटरनेट लागत नाही. त्याची फाइल इतकी लहान असते की सहकाऱ्यांना व्हॉट्सॲपवरून सहज पाठवता येते. मात्र फाइलसोबत कागदावरचा तो आराखडाही जपून ठेवावा. साधन गेले तरी आराखड्यावरून प्रयोग पुन्हा बांधता येतो.

भिंग आणि मेणबत्ती

मी निवृत्त शिक्षक असून अनेक वर्षे प्रात्यक्षिक परीक्षेचा बहिःस्थ परीक्षक म्हणून काम केले आहे. धागाकर्त्यांची तळमळ मान्य आहे, पण माझा आक्षेप मूलभूत आहे. आपल्या पडद्यावर वस्तू १५ सेंटीमीटरवर ठेवली की प्रतिमा नेमकी ३० वर उमटते. खऱ्या प्रयोगात खिडक्या बंद करून, मेणबत्तीची ज्योत स्थिर होईपर्यंत थांबून, मूल पुठ्ठ्याचा पडदा मागेपुढे करते, आणि प्रतिमा २९ वरही स्पष्ट वाटते, ३१ वरही स्पष्ट वाटते. कोणते वाचन लिहायचे हा निर्णय घेणे हाच तो प्रयोग आहे. आपण निर्णय काढून घेतला आणि उत्तर ठेवले. दुसरे असे की आभासी प्रयोग हाती आला की प्रयोगशाळेच्या कपाटाला कुलूप लावायला संस्थाचालकांना निमित्त मिळते, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे.

मुख्यअक्ष

सर, दुसऱ्या मुद्द्यावर माझ्याजवळ उत्तर नाही. जी शाळा कुलूप लावू पाहते तिला कोणतेही निमित्त पुरते. पहिला मुद्दा मात्र मला सर्वांत मोलाचा वाटतो, कारण तो निर्णय पडद्यावर परत आणता येतो, आणि त्यासाठीही सूत्रच पुरते.

प्रतिमा आपोआप दाखवायचीच नाही. त्याऐवजी पडद्याच्या जागेची तिसरी सरकपट्टी घ्यायची. वस्तूच्या एका बिंदूपासून निघून भिंगाच्या वरच्या आणि खालच्या कडेतून जाणारे दोन किरण प्रतिमेच्या जागी एकत्र येतात. पडदा तेथे नसेल तर ते त्यावर दोन वेगळ्या ठिकाणी पडतात आणि बिंदूऐवजी ठिपका दिसतो. ठिपक्याची रुंदी म्हणजे भिंगाचा व्यास गुणिले पडदा आणि प्रतिमा यांतील अंतर, भागिले प्रतिमेचे अंतर. आपल्या उदाहरणात भिंग ५ सेंटीमीटर व्यासाचे आणि पडदा ३३ वर असेल तर ठिपका अर्धा सेंटीमीटर रुंद येतो. पडदा ३१ वर आणला तर तो जेमतेम १.७ मिलिमीटर उरतो. आपण सांगितलेली २९ ते ३१ ची संदिग्धता ती हीच. भिंगाचा व्यास लहान केला तर ठिपकाही लहान होतो आणि ‘स्पष्ट’ वाटणारा पल्ला वाढतो, हे तर खऱ्या प्रयोगात भिंगाला काळा कागद चिकटवूनच दाखवावे लागते. आपली हरकत नसेल तर कागदावरच्या आराखड्यातील ‘मुलांचे काय चुकते’ हा रकाना आपल्यासारख्या परीक्षकांकडून भरून घ्यावा, असे मला फार वाटते.

भिंग आणि मेणबत्ती

हे मला पटले. रकाना भरून देईन. पहिली नोंद आताच घ्या: मुले वस्तूचे अंतर भिंगापासून न मोजता पट्टीच्या शून्यापासून मोजतात. तेव्हा आपल्या पडद्यावर भिंग शून्यावर ठेवू नका, ४० वर ठेवा.

दोलायमान

भौतिकशास्त्राच्या बाजूने एक सावधगिरीची सूचना करतो, कारण मी स्वतः तिच्यात सापडलो होतो. साध्या दोलकाचा प्रयोग सूत्रावरून केला की तो सूत्रच परत देतो. एक मीटर लांबीच्या दोलकाचा दोलनकाल सुमारे २.०१ सेकंद येतो, आणि सूत्रात कोन नसल्यामुळे पडद्यावरचा दोलक ५ अंशांवरून सोडला काय किंवा ६० अंशांवरून सोडला काय, तेवढाच वेळ घेतो. खरा दोलक ६० अंशांवरून सोडल्यास दोलनकाल सुमारे ७ टक्क्यांनी वाढतो. वीस दोलनांचा वेळ ४० सेकंदांऐवजी ४३ सेकंद भरतो, आणि साध्या स्टॉपवॉचवर हा फरक कोणत्याही विद्यार्थ्याला दिसतो. ‘कोन लहान ठेवा’ असे आपण का सांगतो, हे ज्या प्रयोगात कळायला हवे तेथेच तो प्रयोग गप्प बसतो.

उपाय असा, की दोलनकालाचे सूत्र न लिहिता गतीचा नियम लिहावा. त्यासाठी साधी स्प्रेडशीट पुरते. एका स्तंभात वेळ, दुसऱ्यात कोन आणि तिसऱ्यात कोनीय वेग घ्यावा. प्रत्येक नव्या ओळीत वेगातून गुरुत्व त्वरण भागिले लांबी, गुणिले कोनाची ज्या (साइन), गुणिले कालखंड एवढे वजा करायचे, आणि कोनात वेग गुणिले कालखंड मिळवायचे. मी हे केले, कालखंड ०.०५ सेकंद घेतला, आणि माझा दोलक कोणी न ढकलता उंच उंच जाऊ लागला. ५ अंशांवरून सोडलेला दोलक तीन सेकंदांच्या आत १० अंशांपर्यंत पोहोचला. आठवडाभर मी सूत्रात चूक शोधत होतो. चूक सूत्रात नव्हतीच. कोन आणि वेग हे दोन्ही मी वरच्या ओळीतील जुन्या किमतींवरून काढत होतो, त्यामुळे प्रत्येक पायरीला थोडी ऊर्जा वाढत होती. कोन काढताना वरच्या ओळीतील वेगाऐवजी त्याच ओळीतील नवा वेग घेतला, म्हणजे सूत्रात केवळ एका घराचा संदर्भ बदलला, आणि दोलक शहाण्यासारखा वागू लागला.

ज्यांना हा हिशेब हाताने करायचा नसेल त्यांनी स्पेनमधील मुर्सिया विद्यापीठाचे फ्रान्सिस्को एस्केम्ब्रे यांनी तयार केलेले ‘इझी जावा सिम्युलेशन्स’ पाहावे. त्यात बदलाचे समीकरण चौकटीत लिहायचे असते आणि ते सोडवण्याची पद्धत यादीतून निवडायची असते. तयार प्रयोग आता जावास्क्रिप्टमध्ये मिळतो, त्यामुळे ब्राउझरमध्ये चालतो. पहिल्या भेटीत मात्र त्याचा पडदा बुजवतो, हे खरे.

रानवारा

सर, मी काल रात्री स्प्रेडशीट करून पाहिली. माझा दोलक तर ३० अंशांवरून सोडताच उलट दिशेला, वर पळाला.

दोलायमान

मॅडम, स्प्रेडशीट कोन रेडियनमध्ये समजते. तिच्या लेखी ३० म्हणजे ३० रेडियन, आणि त्याची ज्या ०.५ न येता उणे ०.९९ येते, म्हणून बलाची दिशाच फिरली. अंशांना पायने (π) गुणून १८० ने भागावे. स्क्रॅच या ठोकळे जोडून प्रोग्रॅम करण्याच्या साधनात याच्या उलट असते. तेथे कोन अंशांतच द्यावा लागतो. जिओजेब्रामध्ये अंशाचे चिन्ह लावले तर अंश, न लावल्यास रेडियन. माझ्या अनुभवात शिक्षकांचे निम्मे ‘संगणक बिघडला’ येथेच असतात.

परीक्षानळी

मी कनिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवते. आमच्या विषयात सूत्रे कमी आणि रंग जास्त, त्यामुळे हे आपल्यासाठी नाही असे मला वाटत होते. पण अनुमापन (टायट्रेशन) याच पद्धतीने उत्तम जमते. शंकुपात्रात २० मिलिलीटर ०.१ मोलर हायड्रोक्लोरिक आम्ल आणि ब्युरेटमध्ये तितक्याच संहतीचे सोडियम हायड्रॉक्साइड घेतले, तर जिओजेब्रामध्ये ‘जर–तर’ प्रकारची एकच ओळ लागते: आम्ल उरले असेल तर उरलेल्या आम्लावरून सामू काढायचा, आम्लारी जास्त झाली असेल तर तिच्यावरून, आणि नेमके बरोबर असेल तर ७. भागताना एकूण आकारमान घ्यायला मात्र विसरू नये. सामू ८.२ च्या वर गेला की पात्राचा रंग फिनॉल्फ्थॅलिनप्रमाणे गुलाबी होतो.

माझी पहिली फाइल निकामी ठरली, आणि त्याचे कारण शिकण्यासारखे आहे. सरकपट्टीची पायरी मी १ मिलिलीटर ठेवली होती. १९.९ मिलिलीटरला सामू ३.६ असतो आणि २०.१ ला १०.४. सगळी गंमत या ०.२ मिलिलीटरमध्ये, म्हणजे साधारण चार थेंबांत घडते. माझ्या पडद्यावर १९, २०, २१ अशी वाचने यायची आणि प्रत्येक मुलाचे उत्तर अचूक २० यायचे. आता पायरी ०.०५ केली आहे, म्हणजे एका थेंबाएवढी, आणि आम्लाची संहती प्रत्येक वेळी यादृच्छिक निवडली जाते. आता मुले घाई करतात, गुलाबी रंग गडद होतो आणि त्यांना ब्युरेट पुन्हा भरावी लागते. प्रयोगशाळेतही अगदी हेच होते, फरक इतकाच की येथे रसायन वाया जात नाही.

जीवशास्त्राच्या सहकाऱ्यांना मात्र यातले काही लागू पडत नाही. कांद्याच्या पापुद्र्यातील पेशींना कोणतेही सूत्र नसते. तेथे सूक्ष्मदर्शकाच्या नेत्रिकेला मोबाईल लावून स्वतःच छायाचित्रे काढावीत आणि एचफाइव्हपी या साधनात त्यांवर टिचकीची ठिकाणे ठेवावीत, एवढे पुरे.

मांडवीतीर

गोव्याहून लिहितो. आमच्याकडे ‘केअर्स’ योजनेखाली शाळांत कोडिंग आणि रोबोटिक्स शिकवले जाते, त्यामुळे सातवी-आठवीच्या मुलांना स्क्रॅच येते आणि विज्ञानाच्या शिक्षकाला येत नाही, अशी स्थिती झाली आहे. मी त्याचा उपयोग करून घेतला. कागदावरचा आराखडा मी देतो, ठोकळे मुले जोडतात, आणि तयार प्रयोग मी परीक्षकाच्या नजरेने तपासतो. प्रकाशाच्या परावर्तनाच्या प्रयोगात एका गटाने कोन आरशापासून मोजला होता, स्तंभिकेपासून नव्हे. तोंडी परीक्षेत ही चूक मला बहुधा सापडली नसती, कारण ‘आपाती कोन म्हणजे काय’ याची व्याख्या त्या मुलांना तोंडपाठ होती.

फळा_खडू

एक भाबडा प्रश्न विचारतो. आता कृत्रिम बुद्धिमत्तेच्या चॅटबॉटला मराठीत सांगितले की तो पूर्ण एचटीएमएल पान लिहून देतो. मी भिंगाचा प्रयोग मागितला आणि दोन मिनिटांत मिळाला. मग जिओजेब्रा कशाला शिकायचे?

दोलायमान

प्रश्न भाबडा नाही. जरूर वापरावे, पण वर्गात नेण्यापूर्वी ज्यांची उत्तरे आपल्याला पाठ आहेत अशा जागी ते पान तपासावे. वस्तू नाभीय अंतराच्या दुप्पट अंतरावर ठेवली तर प्रतिमा पलीकडे तेवढ्याच अंतरावर आणि तेवढ्याच आकाराची येते का? वस्तू फार दूर नेली तर प्रतिमा नाभीजवळ जाते का? नाभीच्या आत आणली तर ती सुलटी होऊन वस्तूच्याच बाजूला येते का? आणि चिन्हसंकेत पाहावा. अमेरिकी पुस्तकांत वस्तूचे अंतर धन धरून दोन व्यस्तांची बेरीज करतात, आपल्या पाठ्यपुस्तकात ते ऋण धरून वजाबाकी करतात. चॅटबॉटने पहिली पद्धत उचलली तर चित्र बरोबर दिसेल आणि मुलांच्या वहीतील तक्ता चुकेल.

फळा_खडू

तपासले. दुप्पट अंतराची चाचणी बरोबर आली, पण वस्तूचे अंतर धन आहे. ते ऋण करायला सांगितले तर बाणच भिंगाच्या उजवीकडे गेला. आता त्यातील नेमकी कोणती ओळ बदलायची ते मला समजत नाही.

रानवारा

माझी भिंगाची फाइल झाली. भिंग ४० वर ठेवले आहे, पडद्याची सरकपट्टी वेगळी आहे आणि प्रतिमेच्या अंतराची किंमत लपवली आहे. शनिवारी दहावीच्या वर्गात प्रोजेक्टरवर लावली. वस्तू नेमकी नाभीवर आणताच दोन्ही किरण समांतर झाले, पडदा कोठेही नेला तरी ठिपका लहान होईना, आणि मला वाटले की फाइल बिघडली. मी घाईघाईने सरकपट्टी मागे घेत असताना मागच्या बाकावरून आवाज आला, “मॅडम, तिथेच राहू द्या.” मग त्या जागेवर आम्ही सबंध तास घालवला. मुलांना नाभीच्या अगदी जवळची वाचने हवी होती आणि सरकपट्टी एकेक सेंटीमीटरने उडत होती, म्हणून तिची पायरी मी तेथेच, वर्गासमोर, ०.२ वर आणली.